बाबांनी पकडलेल्या चुका

सॅक्सोफोनची पेटी उघडली की पितळ आणि कोंदट मखमलीचा वास येतो, आणि मला बुलढाण्याच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. तिथल्या फिल्म क्लबनं जॅझवाल्यांवरचा इंग्रजी सिनेमा लावला होता, म्हणून मी बाबांना ओढूनच नेलं. देऊळघाटचं लग्न वाजवून ते थेट आले होते, बँडचा लाल कोट अंगात तसाच. पडद्यावरच्या नायकानं सॅक्सोफोन तोंडाला लावताच बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "तोंडाशी बसते ती वेताची पत्ती ओलीच नाही केली न त्यानं! बोटं कुठी, सूर कुठी!" पोरं हसली, पण मग मागच्या रांगेतूनही विचारू लागली, "काका, आता बराबर हाये का?" माझी छाती फुगली. पुढे नायकाला नशेच्या सुईचं व्यसन लागलं, आणि एक दिवस सुई मिळाली नाही तेव्हा पत्ती बसवताना त्याची बोटं थरथरायला लागली. "काका, हे?" कुणीतरी ओरडलं. वरातीआधी दारू घेतल्याशिवाय ज्यांचे हात स्थिर होत नसत, ते माझे बाबा दोन्ही पंजे मांडीखाली दाबून हळूच म्हणाले, "हे बराबर दाखोलं." आज त्यांच्याच सॅक्सोफोनला मी पत्ती बसवते आहे, बाहेर ढोल सुरू झालाय, वरातीत पहिल्यांदा मी वाजवणार आहे आणि माझेही हात थरथरताहेत. नुसत्या आनंदानं, बाबा.