मुखवट्याखालचे नाव

उडणाऱ्या माणसांविषयी इतक्या जबाबदारीने लिहिणारा दुसरा पत्रकार या पृथ्वीवर झाला नसावा, असे मी आमच्या चित्रकथा-प्रतिनिधींविषयी आजही म्हणेन. हे म्हणण्याचा मला अधिकार किती, हा प्रश्न वेगळा; कारण त्यांच्या नावाखाली अप्रामाणिकपणाच्या ज्या दोनच ओळी छापून आल्या त्या मी लिहिलेल्या होत्या, आणि ही गोष्ट मी बरीच वर्षे लपवून ठेवली. मी तेव्हा ठाण्याच्या एका लहानशा साप्ताहिकाचा संपादक होतो. नगरपालिकेची गटारे आणि जकात या विषयांवर मी अग्रलेख लिहीत असे. ते मी आणि आमचा मुद्रितशोधक नियमाने वाचत होतो. बाकीचे गाव प्रतिनिधींचे सदर वाचत होते.

हे गृहस्थ मूळचे कोर्टाच्या बातम्या देणारे. बंद गळ्याचा काळा कोट, बगलेत छत्री आणि चेहऱ्यावर निकाल राखून ठेवल्याचा भाव, अशा थाटात ते डोंबिवलीहून येत. युद्ध संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीत गोऱ्या सैनिकांनी मागे टाकलेली रंगीत चित्रकथांची इंग्रजी मासिके रद्दीत येऊ लागली होती. एकदा कल्याणला त्यांनी शेंगदाणे घेतले, तर पुडीवर एक मनुष्य खांद्यावर रेल्वेचा पूल घेऊन उभा. प्रतिनिधींनी शेंगदाणे खिशात ओतले, पुडी उलगडून वाचली आणि परत जाऊन दाणेवाल्याला विचारले, "याच्या पुढचा पुरावा कुठे मिळेल?" त्याने रद्दीवाल्याचे दुकान दाखवले, आणि आमच्या साप्ताहिकात 'चित्रकथा-समाचार' हे सदर सुरू झाले.

सदर चित्रकथांचे असले तरी लेखणी कोर्टाचीच राहिली. धरण फोडून सारे शहर बुडवणाऱ्या राक्षसी शास्त्रज्ञाचा उल्लेख ते 'कथित खलनायक' असा करीत, आणि वृत्ताच्या शेवटी 'कथित खलनायकाची बाजू समजू शकली नाही' हे वाक्य न चुकता घालीत. मी एकदा म्हटले, "अहो प्रतिनिधी, तो चित्रातला माणूस आहे." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच, संपादक. त्याला खुलासा पाठवता येत नाही. आपली जबाबदारी वाढते." कोपरीच्या एका शिंप्याकडे जाऊन, उडणाऱ्या माणसाच्या पाठीवरच्या झुलीला कापड किती लागेल, याची त्यांनी चौकशी केली होती. शिंपी म्हणाला, "साहेब, एवढं कापड मागे लोंबलं तर माणूस उडायचा नाही, दाराच्या कडीत अडकायचा." हे त्यांनी 'तज्ज्ञांचे मत' म्हणून चौकटीत छापले. त्यांच्या पत्नींना या जगदुद्धारकांचे कौतुक बेताचेच होते. मी घरी गेलो असता चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या उडणाऱ्याला म्हणावं, रिकामा आलाच आहेस तर विहिरीवरून दोन घागरी आण. आमचे हे तर त्याच्या बातम्या लिहिण्यातच दमतात." प्रतिनिधींनी यावर मान हलवली आणि घागर उचलून ते स्वतःच विहिरीकडे गेले.

रद्दीत अंक क्रमाने मिळत नाहीत, ही त्यांची खरी अडचण होती. पहिला अंक हाती यावा, दुसऱ्यात कुणी भजी बांधून न्यावीत, तिसरा पावसात भिजलेला निघावा. दुसरा कोणीही लेखक असता तर त्याने मधला भाग कल्पनेने भरून काढला असता. प्रतिनिधी लिहीत, 'मधला अंक उपलब्ध न झाल्याने नायक विहिरीतून वर कसा आला हे कळू शकले नाही. तो वर आला आहे, एवढे खात्रीने सांगता येते.' मग वाचकांची पत्रे येत. कोणी दोर सुचवी, कोणी विहिरीतले भुयार. ती ते 'वाचकांचे तर्क' या मथळ्याखाली छापीत, पण स्वतः कोणत्याही तर्काच्या बाजूने कधी बोलत नसत.

अशातच 'करडा पहारेकरी' नावाची एक लांबलचक कथा त्यांच्या हाती लागली. मुखवटा घातलेला हा पहारेकरी रात्री शहर राखी. तो दिवसा कोण असतो, हे शेवटच्या अंकापर्यंत गुप्त होते. रद्दीच्या न्यायाने प्रतिनिधींना शेवटचा अंक आधी सापडला. त्या दिवशी ते कचेरीत आले, दार लोटून घेतले, खुर्ची माझ्या खुर्चीला भिडवली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बातमीचं मूळ बातमीदाराने फक्त संपादकाला सांगायचं असतं. मुखवट्याखाली तो लंगडा घड्याळजी आहे. आता हे तुमच्या-माझ्यात." मला हसू आले होते. ते मी त्यांच्यासाठी आवरले, याचा तेव्हा मला थोडा अभिमानही वाटला.

पुढे महिनोन्महिने त्यांनी ते नाव राखले. ठाण्यात न्यायाधीशावर लोकांचा संशय होता, कल्याणात डॉक्टरवर. कल्याणजवळच्या मोहने गावात, कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत तर दोन तट पडले होते. लोक त्यांना रस्त्यात अडवीत, चहा पाजीत. ते चहा घेत आणि म्हणत, "तपास चालू आहे." त्यांच्या घरच्या माणसालाही त्यांनी पत्ता लागू दिला नाही.

मी ते नाव फोडले, त्याला कारण म्हणावे असे काही नव्हते. त्याच आठवड्यात जकातीवरचा माझा सर्वांत चांगला अग्रलेख तयार होता, आणि सकाळी आमच्या पानवाल्याने मला विचारले होते, "साहेब, पहारेकऱ्याचं मोठं करा की. पहिल्या पानावर ते काय असतं, ते कमी केलं तर चालेल." दुपारी अंकाचे पान लावताना प्रतिनिधींच्या सदराखाली दोन ओळींची जागा उरली. प्रतिनिधी अंक शोधायला कल्याणला गेलेले. अशी जागा उरली की तिथे 'वर्गणी वेळेवर पाठवावी' असे घालण्याची आमची रीत. कंपोझिटर मजकुरासाठी उभा होता. मी कागदावर लिहिले, 'खात्रीलायक वृत्तानुसार करडा पहारेकरी म्हणजे दुसरा कोणी नसून तो लंगडा घड्याळजीच होय.' मला तो क्षणभर विनोद वाटला. लिहून झाल्यावर तो विनोद नव्हता हे मला कळले. तरी मी कागद परत घेतला नाही.

अंक निघाल्यावर मोहन्याचे तिघे कामगार कचेरीत आले. प्रतिनिधी टेबलाशी होते, मी माझ्या जागी. "काय केलंत हे, साहेब?" त्यांतला थोराड माणूस म्हणाला. "आम्ही चार महिने थांबलेलो. पाळी संपली की चाळीत तुमचंच वाचन चालायचं."

दुसरा म्हणाला, "कोर्टातला माणूस, कुणाच्या बापाला नाव सांगायचा नाही, असं मी यांना सांगत होतो. आता माझ्याच तोंडाला पानं पुसली."

प्रतिनिधींनी अंक हातात घेतला आणि त्या ओळी वाचल्या. ते नाव जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी मुद्रिते तपासत असल्यासारखी मान खाली घातली. मग ते त्या माणसांना म्हणाले, "लेखाखाली नाव माझं आहे. चूक माझी. तुमचा विश्वासभंग झाला, त्याबद्दल दिलगीर आहे."

त्यानंतर कल्याणच्या बाजारात त्यांना 'फुटका प्रतिनिधी' असे नाव पडले. रद्दीवालासुद्धा अंक देताना म्हणे, "घ्या, पण शेवटचं पान झाकून ठेवा हो." प्रतिनिधी हसत आणि अंक छत्रीत खोचून निघत. सदर त्यांनी चालू ठेवले. 'कथित' शब्दही राहिला. पुढेही कितीतरी मुखवटे आले आणि गेले. परंतु खुर्ची ओढून ते पुन्हा कधी माझ्या कानाशी आले नाहीत. लेख टेबलावर ठेवायचा, नमस्कार करायचा आणि जायचे. त्या मुखवट्यांखाली कोण होते, हे मला इतर वाचकांबरोबरच समजत गेले. मी विचारू शकलो असतो; पण कोणत्या तोंडाने, ते कळत नव्हते.

परवा डोंबिवलीच्या वाचनालयाने त्यांच्या निवृत्तीनिमित्त छोटा सत्कार केला. त्यांच्या पत्नी पुढच्या रांगेत होत्या. मोहन्याचा तो थोराड माणूसही आला होता. त्याचे केस पिकले आहेत. सभेचे चिटणीस खेळकर गृहस्थ. ते म्हणाले, "आमच्या प्रतिनिधींनी आयुष्यभर एकच गुपित राखलं नाही, पण ते नेमकं आमचं होतं." सभा हसली. प्रतिनिधीही हात जोडून हसले. त्यांच्या पत्नी तेवढ्या हसल्या नाहीत. अध्यक्ष म्हणून मला बोलायचे होते. मी उभा राहिलो, तेव्हा मला जागा व्हावी म्हणून प्रतिनिधींनी आपली खुर्ची जरा दूर सरकवली.

मी म्हणालो, "ज्या नावावरून आपण आता हसलो, ते नाव यांनी फोडलेलं नाही. यांनी ते फक्त आपल्या संपादकाला सांगितलं होतं. त्या दोन ओळी मी लिहिल्या, आणि दोष यांच्यावर येताना मी समोर बसून राहिलो. प्रतिनिधी, मी आपला अपराधी आहे. मला क्षमा करा."