सावद्याच्या वाटेवर सापडलेली गोष्ट

एका मासिकाकडून माझी कथा परत आली. सोबत संपादकांची एकच ओळ होती: "बाई, हे तुम्ही कुठे पाहिलेत?" त्या कथेत संगमरवरी सज्जा होता, कमळांचे तळे होते आणि मंदाकिनी नावाची विरहिणी होती. मी धुळ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवते. यांतले काहीच पाहिलेले नाही. नाताळची सुटी लागली तशी कथा पिशवीत टाकली आणि अक्काकडे सावद्याला निघाले.

धुळ्याहून चाळीसगावला जाऊन गाडी बदलावी लागते. तिथे गाडीला दीड तास होता, फलाटावरचा चहा पाणचट होता. पुढे पाचोरा, जळगाव करीत भुसावळ येते, तिथून खंडव्याकडची गाडी. तिसऱ्या वर्गात बायकांच्या डब्यात बसावे; गर्दी असते, पण गप्पांत वाट सरते. सावदे स्टेशन गावापासून लांब आहे, तेव्हा आधी पत्र टाकून बैलगाडी मागवावी. मला न्यायला मेहुणेच आले होते. सगळे त्यांना नाना म्हणतात. दोन्हीकडे केळीच्या बागा, इतक्या दाट की भर दुपारीही रस्ता सावलीतच.

अक्का चुलीवर भरताची वांगी भाजत होती. मी तिला कथा वाचून दाखवली. मंदाकिनीचा तिसरा उसासा झाला तेव्हा तिने विचारले, "हाई बाई कोण शे व? इन्हा घर पानी कोण भरस?"

मला राग आला. "तुला काय कळतं त्यातलं? शाळेत गेली असतीस तर..."

तिने वांगे उलटले. मग शांतपणे म्हणाली, "शायमा पहिले मन्हं नाव घालेल व्हतं."

मला हे ठाऊक नव्हते. तिने सांगितले: आईचा हात मोडला, घरात कोणीतरी हवे होते. तेव्हा दहा वर्षांची अक्काच म्हणाली होती, "मी राहस घर, धाकलीले धाडा." आणि पाटी माझ्या हाती आली.

"तू रडली नाहीस?"

"रडाले येळ कोणले व्हता?"

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. भरीत झणझणीत होते, त्यामुळे डोळे पुसायला निमित्त मिळाले. तीन दिवस मी तिच्यामागे विहिरीवर, बागेत हिंडले आणि विचारत राहिले. निघताना धीर करून म्हटले, "अक्का, हे लिहू?"

"लिख. पन माले बिचारी करू नको."

धुळ्याला आल्यावर लिहायला बसले. पहिल्याच पानावर 'अभागिनी' आले, खोडले. अक्का जशी बोलली तशीच वाक्ये उतरवत गेले, तेव्हा माझी स्वतःची वाक्येही आखूड, सरळ होऊ लागली. असे मी पूर्वी कधी लिहिले नव्हते. नक्कल आधी सावद्याला धाडली, नानांनी तिला वाचून दाखवावी म्हणून.

आठ दिवसांनी नानांच्या अक्षरात कार्ड आले. मजकूर अक्काचा होता: "समदं बरोबर शे. पन त्या दिन मी रडनी व्हती. गोठामा जाईसन. ते घाल."