छत्र धरलेला आजा

"हालूं नाका रे!" कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच मामा ओरडायचे.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता; सगळे त्यांना मामाच म्हणत. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी मी तिथे पहिल्यांदा गेलो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, त्यामुळे आधीच ताठलेलो. मामा म्हणाले, "स्वास घे रे, तो दिसना फोटोंत."

त्यांच्या भिंतीवर एक पिवळट फोटो होता. शेजारच्या संस्थानातल्या राज्यारोहणाचा, मामांच्या आज्याच्या तरुणपणचा. त्या काळी कॅमेऱ्याच्या भिंगावरची टोपी काढून भिंग थोडा वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात जो हलला, तो पुसला गेला. राजाने नेमकी मान वळवली, म्हणून तोंडाच्या जागी नुसता धूर! मागे छत्र धरून आजा उभा, मिशीचा केस न् केस स्पष्ट.

"पांयांक हुमले चाबताले," मामा सांगायचे, "पूण आजो हाललो ना." हुमले म्हणजे काय, हे डिचोलीकरांना सांगायला नको, इतरांनी तांबड्या मुंग्या समजाव्यात.

गोवा राज्य झालं तेव्हा बाजारात जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. मामांनी पहिल्यांदाच तो फोटो भिंतीवरून उतरवून प्रदर्शनाला दिला. प्रदर्शनाचे अध्यक्ष होते बाजारातले कापडवाले. ते फोटो परत द्यायला स्टुडिओत आले, तेव्हा मीही तिथेच होतो.

"मामा, ह्यांत राजाचें तोंडच ना!"

"राजाचें ना. आज्याचें आसा."

"नोकराचो फोटो कोण पळयतलो?"

कोण पाहणार म्हटल्यावरही मामा रागावले नाहीत. जुना लाकडी कॅमेरा काढला, अध्यक्षांना खुर्चीत बसवलं आणि माझ्या हातात छत्री दिली.

"आतां तुमी राजे. टोपी परत घालतां म्हणसर हालूं नाकात."

टोपी निघाली; ती परत बसेपर्यंत हलायचं नव्हतं. बाहेर खनिजाच्या ट्रकने भोंगा वाजवला. अध्यक्षांनी वळून पाहिलं. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर अध्यक्षांच्या कॉलरवर धूर आणि मागे मी, लख्ख! अध्यक्षांनी फोटो डोळ्यांशी नेला. मग पोट धरून हसले. "अरे, हांव खंय गेलों?"

प्रदर्शनात दोन्ही फोटो दाराशीच, शेजारी शेजारी लागले. सगळा बाजार लोटला. ट्रक बाजूला लावून आलेले माझे बाबा माझ्यावर बोट ठेवून सांगत होते, "हो आमचो!" मामा आज्यावर बोट ठेवून त्यांच्याहून मोठ्याने, "आनी हो आमचो!"

मी मामांना आज्याच्या फोटोशेजारी उभं केलं आणि स्टुडिओतून आणलेल्या लाकडी कॅमेऱ्याची टोपी काढली. "मामा, हालूं नाकात!"

त्यांना असं हसू फुटलं की आवरेना.

आता मामा नाहीत. माझ्याकडे त्यांचा तेवढाच फोटो आहे. आजा छत्र धरून लख्ख, आणि त्याच्या शेजारी हसणारा धूर.