आक्काचा आठ वाजताचा चहा

आमची आक्का शाळेचे गणवेश शिवते. एकोणीस वर्षांपूर्वी नवरा गेला आणि जाताना तिला एचआयव्ही देऊन गेला. तेव्हापासून सकाळी आठचा गजर वाजला की मशीन थांबवायची, चहासोबत गोळी घ्यायची. एक दिवस चुकवला नाही. बाई ठणठणीत!

मग दवाखान्यात नवा प्रयोग निघाला. गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, पण काही विषाणू पेशींत दडून बसतात आणि गोळ्या थांबल्या की डोकं वर काढतात. म्हणून इंजेक्शनं देऊन अंगाची प्रतिकारशक्ती तयार करायची, मग गोळ्या बंद करून ती एकटी त्यांना आवरते का बघायचं. दर आठवड्याला रक्त तपासणार, विषाणू वाढला तर गोळ्या लगेच सुरू. मी कडाकडा भांडले. सुखातला जीव दुःखात का घालतेस म्हटलं. सुईत दोरा ओवत आक्का म्हणाली, "माझं अंग स्वतःच्या बळावर उभं राहतं का, ते मला एकदा बघायचंय."

गोळ्या बंद झाल्या आणि माझी झोप उडाली. सहाव्या आठवड्यात राहवेना. कपाटात एक जुनी डबी राहिली होती. त्यातली रोज एक गोळी कुटून मी तिच्या चहात घातली, कडू लागू नये म्हणून दोन चमचे साखर जास्त. चहाचा पाक केलास म्हणून ती कुरकुरली, पण प्यायली.

पाचव्या दिवशी त्या आठवड्याचा रिपोर्ट आला. गोळ्या सोडून सहा आठवडे झाले तरी विषाणू सापडत नव्हता. कधी न रडणारी आक्का गणवेशांच्या ढिगावर डोकं टेकून रडली. "मी करून दाखवलं गं," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकलं.

तिनं शिव्या घातल्या नाहीत, तेच जास्त लागलं. चपला घातल्या आणि मला हाताला धरून डॉक्टरबाईंपुढे उभं केलं. बाईंनी मला चांगलंच झापलं. हे आठवडे धरता येणार नाहीत, पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर इथंच थांबा, म्हणाल्या.

"पहिल्यापासून," आक्का म्हणाली. डबी मी टेबलावर ठेवली.

काल चाळीस आठवडे झाले. गोळी नाही, आणि विषाणू अजून दबलेलाच. तो मुळासकट गेला असं कुणी म्हणत नाही, डॉक्टरबाई तर मुळीच नाहीत. पण प्रयोगातल्या सोळा जणांत इतकी टिकलेली आमची आक्का एकटीच. गल्लीत ओरडून सांगता येत नाही, म्हणून माझा जीव नुसता तडफडतोय.

आज आठचा गजर वाजला. तो तिनं मुद्दाम ठेवलाय. मी कप पुढे केला, तर तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी निमूटपणे एक घोट पिऊन दाखवला. आक्का हसली, कप घेतला, चव बघितली.

"साखर बेताची आहे," म्हणाली, आणि सगळा चहा प्यायली.