नवशिक्यांच्या रांगेतल्या इमेल्डा टीचर

इमेल्डा टीचरना मंचावरच्या खुर्चीत बसवायचं असं भाईंनी ठरवलं, तेव्हा मालवणात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट लोक खूश झाले. कुडाळच्या मैदानावर जिल्ह्याची पारंपरिक धनुर्विद्या स्पर्धा भरणार, टीचर प्रमुख पाहुण्या म्हणून बसणार, शाल, श्रीफळ, चार शब्द. आपल्याकडे एखाद्याला बाजूला सारायचं असलं की त्याचा सत्कार करतात. मी बँकेत नोकरी करते, असले सत्कार ढिगानं पाहिले आहेत, त्यामुळे माझं डोकं तिथेच सणकलं.

भाई म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. फक्त कुणाची कीव करायची आणि कुणाची करायची नाही, हे त्यांना कळत नाही.

आणि टीचर म्हणजे इमेल्डा लुद्रिक. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या आणि चर्चच्या मागच्या आपल्या माडांच्या बागेत त्यांनी बांबूच्या धनुष्याचे वर्ग सुरू केले. चाकं न् दुर्बिणी लावलेली धनुष्यं त्यांना चालत नसत. भाताचा पेंढा गोणपाटात ठासून भरलेला, त्यावर कागदाची वर्तुळं, हे लक्ष्य. मी तिथे गेले ती रक्तदाबाच्या डॉक्टरांनी ‘काहीतरी छंद लावून घ्या’ म्हणून सांगितलं म्हणून. पहिल्याच दिवशी टीचरनी मला धनुष्याला हात लावू दिला नाही. बाण निवडायला बसवलं. रक्तदाब वाढला तो वेगळाच.

“बाण तुका आवाडलो म्हणान घेव नको,” त्या म्हणाल्या. “तो तुझ्या धनुष्याक आवाडूक होयो.”

मग त्यांनी दाखवलं. बाणाचं टोक फळीवर टेकवायचं, दुसऱ्या टोकावर तळवा ठेवून हलकेच दाबायचं आणि काठी किती वाकते ते बघायचं. जड, म्हणजे ओढायला जोर लागणाऱ्या धनुष्याला ताठ बाण, हलक्या धनुष्याला लवचीक. धनुष्य जोरात ढकलत नसेल आणि बाण ताठ असेल, तर तो वाकून धनुष्याला वळसा घालत नाही, उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण सरळ डावीकडे जातो. लांबीचंही तसंच. नवशिक्याने बाण चार बोटं लांबच घ्यायचा, कारण आखूड बाण ओढताना मागे सरकला तर तो स्वतःच्याच हातात घुसतो. हे सांगताना टीचर डोळे वटारायच्या. सगळे बाण एकसारखे वाकणारे हवेत, नाहीतर तू चुकलीस की बाण चुकला हे जन्मात कळणार नाही, असंही त्या बजावायच्या.

दोरीच्या बाबतीत त्यांनी सर्वांत जास्त शिव्या कुणाला दिल्या असतील तर लवूला. लवू दांडी किनाऱ्याचा, मासेमारी करणारा, आमच्यातला सगळ्यात ताकदवान. त्याची दोरी तुटली, तर या शहाण्यानं घरून जाळं विणायचं नायलॉनचं सूत आणून बांधलं, जाळ्याच्याच गाठी मारून.

“ह्यां काय रे, लवू?”

“जाळ्याचां सूत, टीचर. ह्येच्यान धा किलोची सुरमय वडतंय. बाणाचा काय घेवन बसलात?”

“सुरमय वडतंस तेवा सूत ताणूकच होया, नायतर तुटतलां. हयसर ताणलां तर काय होतलां? दोरी सैल, आणि बाण तुझ्या पायार!”

लवूने ऐकलं नाही. दुपारच्या उन्हात पाच-सहा बाण मारेपर्यंत सूत ताणून लोंबलं, दोरी धनुष्याच्या पोटाला आली आणि सटकन त्याच्या मनगटावर बसली. मनगट काळंनिळं. टीचरनी बर्फ लावला आणि मग सगळ्यांना पुन्हा एकदा धडा दिला. धनुष्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची, आंगठा उभा करायचा. आंगठ्याचं टोक दोरीला टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर दोरी काढून तिचा पीळ कमी करायचा, आंगठा दबत असेल तर पीळ वाढवायचा. आणि घरी जाताना दोरी उतरवायची. होडीचा दोर बांधून ठेवतात तसं धनुष्य दोरी चढवूनच ठेवायची सवय आमच्या इथल्या सगळ्यांना होती, त्या सवयीपायी कितीतरी धनुष्यांची पाठ मोडली.

असं सगळं छान चाललं होतं. मग टीचर विहिरीच्या शेवाळलेल्या काठावरून घसरल्या आणि उजवा खांदा मोडला. गोव्यात जाऊन हाडाला धातूची पट्टी बसवली. मुलगी सँड्रीना मडगावात असते, ती म्हणाली, आता बस झालं. टीचरनी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम इमानेइतबारे केले, डॉक्टरांनी हलकं धनुष्य चालेल असं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचं वीस पौंडांचं धनुष्य उतरवलं. त्यांचं आधीचं धनुष्य याच्या दुप्पट जड होतं.

आणि बाण डावीकडे जायला लागले. सगळे. पेंढ्याला लागेनात, पलीकडच्या माडाच्या बुंध्यात जाऊन ठोकले जात. टीचर दात-ओठ खाऊन पुन्हा ओढायच्या, पुन्हा माड. आम्ही मान खाली घालून उभे राहायचो. सगळ्यांच्या मनात एकच, खांदा गेला. त्यांच्याही मनात तेच होतं. आपल्या खांद्याला त्या अशा शिव्या घालायच्या की शेजारची सुगंधाबाय कुंपणापासून लांब जायची.

नेमक्या अशाच एका संध्याकाळी भाई आले. त्यांनी माडात रुतलेला बाण पाहिला, हळहळले आणि बोलले, “टीचर, आता किती त्रास घ्यायचा? तुमचं योगदान मोठं आहे. या वर्षी तुम्ही मंचावर या. मानाची खुर्ची आहे.”

“माका खुर्ची नको, भाई. माका पाठीर लावूचो नंबर होयो.”

“अहो, पण...” भाईंनी त्या माडाकडे नुसतं पाहिलं.

ते गेले आणि टीचर बागेतल्या दगडावर बसल्या. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. भाईंचा आला, खांद्याचा आला आणि टीचरचाही आला. कारण त्यांच्या भात्यातले बाण मला ओळखू येत होते. त्यांच्या जुन्या, जड धनुष्यासाठी निखाऱ्यांवर शेकून स्वतः सरळ केलेले चिव्याच्या बांबूचे ताठ बाण. धनुष्य हलकं झालं होतं, बाण मात्र त्यांनी बदलले नव्हते.

“टीचर, माझे बाण घेवन बघा,” मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. “नवशिक्यांचे बाण माका देतंस गो?”

त्या आवाजानं एरवी माझी गाळण उडाली असती. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्यांच्या भात्यातला एक बाण उपसला, माझ्या हलक्या धनुष्याला लावला, नीट उभी राहिले, त्यांनी शिकवलं तसं ओढलं आणि सोडला. माझा खांदा धडधाकट आहे. बाण गेला तो थेट त्याच माडात, त्यांच्या बाणापासून वीतभर अंतरावर.

“इतके दिवस खांद्याक गाळी घातलात,” मी म्हटलं, “आता बाणांक घाला.”

टीचर उठल्या, माडाजवळ गेल्या आणि दोन्ही बाणांकडे बघत उभ्या राहिल्या. मग खो खो हसायला लागल्या, खांदा दुखेपर्यंत.

“जेजू! खांदो न्हय गो, सारिका. माझो माज!”

दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्यातल्याच एक झाल्या. काठ्यांची मोळी घेऊन बसायच्या, एकेक फळीवर टेकवून दाबायच्या, ताठ निघाली की मागे फेकायच्या, बारीक आणि लवणारी निघाली की मांडीवर घ्यायच्या. एकसारख्या वाकणाऱ्या काठ्या जमवायला त्यांनी आमच्या सगळ्यांचे भाते पालथे घातले. नवी दोरी वळली. ती बसेपर्यंत चार दिवस रोज मूठ लावून बघत, पीळ देत राहिल्या. पाचव्या दिवशी पहिला बाण पेंढ्यात बसला. मधल्या वर्तुळापासून लांबच, पण पेंढ्यात. लवूने शिट्टी मारली, तर त्यालाही ओरडा बसला. बाण सोडताना शिट्टी मारायची नाही हा बागेतला नियम होता.

स्पर्धेत गट वयावरून नसतात, धनुष्याच्या वजनावरून असतात. पंचवीस पौंडांच्या आतलं धनुष्य म्हणजे नवशिक्यांचा गट. टीचरनी तिथे नाव दिलं. भाईंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते आणि भाईंचा आवाज फोनबाहेरही स्वच्छ ऐकू येतो.

“टीचर, नवशिक्यांत? तुम्ही शिकवलेली मुलं खुल्या गटात खेळणार आणि तुम्ही शिकाऊ बायकांच्या रांगेत? लोक हसतील हो!”

“हसूंदेत. हसतल्यांका काय मी बाण मारूचंय नाय.”

तर अशा रीतीने कुडाळच्या मैदानावर इमेल्डा टीचर माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. पलीकडे दोडामार्गची सुभद्रा, काजूच्या बागेत राबणारी, काटक बाई, वर्षभरापूर्वी शिकायला लागलेली. लोक हसले नाहीत. त्याहून वाईट केलं. टीचरचा बाण कुठेही लागला तरी टाळ्या वाजवायला लागले. सहा गुणांना टाळ्या, पाचांना टाळ्या. टीचरचा चेहरा तापत चाललेला मला दिसत होता. मी स्वतः तेव्हा दहाव्या का अकराव्या नंबरावर होते, माझ्यासाठी चिटपाखरूही टाळी वाजवत नव्हतं आणि त्यात मला जरा मानच वाटला.

शेवटच्या फेरीपर्यंत पहिले दोन नंबर ठरून गेले होते. तिसऱ्यासाठी टीचर आणि सुभद्रा. टीचरचा शेवटचा बाण नऊच्या वर्तुळाच्या कडेला बसला. रेघेला टेकला असेल तर नऊ, नाहीतर आठ. नऊ मिळाले तर टीचर तिसऱ्या. आठ मिळाले तर दोघींची बरोबरी, आणि बरोबरीत मधल्या वर्तुळात जास्त बाण असलेली पुढे, म्हणजे सुभद्रा.

आम्ही सगळे लक्ष्याजवळ गेलो. पंच होता अनिश, वेंगुर्ल्याचा क्रीडाशिक्षक. तो वाकला, बाण आणि रेघ यांच्यापाशी डोळा नेऊन पाहिलं, मग सरळ होऊन एकदा टीचरच्या खांद्याकडे पाहिलं.

“नऊ,” तो म्हणाला.

मागे टाळ्यांचा कडकडाट. भाई माईकवर काहीतरी बोलायलाही लागले. टीचर वाकल्या आणि त्यांनीही डोळा जवळ नेऊन पाहिलं.

“रेगेक लागूक नाय. भायर आसा,” त्या म्हणाल्या. “आठ लिव.”

“असू द्या ना, टीचर,” अनिश हळूच म्हणाला.

“असू द्या म्हणजे?”

अनिश गोरामोरा झाला. भाई माईक टाकून धावत आले. “टीचर, अहो, पंचांनी दिलाय. पंचांचा निर्णय अंतिम असतो.”

“पंचान गुण बाणाक दिलो असतो, तर गपचूप घेतलंय असतंय,” टीचरचा आवाज आता मैदानभर गेला. “हेनी तो माझ्या खांद्याक दिलो. खांदो स्पर्धेत नाय. आठ लिव, नायतर माझां नावच काड.”

तो नंबर त्यांना किती हवा होता ते मला माहीत होतं. अनिशने पुन्हा वाकून बघितलं. या वेळी त्याने बाणच बघितला. मग नऊ खोडून आठ लिहिले आणि टीचरनी तिथे सही केली.

बक्षिसं झाल्यावर टीचर दोरी उतरवत बसल्या होत्या. सुभद्रा आली. तिच्या हातात तिसऱ्या नंबराचं पदक, डोळ्यांत पाणी. ते पदक तिने टीचरच्या पुढे धरलं.

“टीचर, ह्यां खरां तुमचां. तुमी घेवा.”

मला वाटलं, आता तरी टीचर विरघळतील. टीचरनी दोरीची गुंडाळी केली, खिशात घातली आणि उभ्या राहिल्या.

“तूय सुरू केलंस?” त्या म्हणाल्या. “गळ्यात घाल ता. आणि उद्यापासून सराव कर. फुडल्या वर्साक मी येतलंय ता काडून घेवक.”

सुभद्राने पदक घाईघाईने गळ्यात घातलं आणि एका हाताने घट्ट धरून ठेवलं.