पोळपाटाची किल्ली

ऑफिसात माझ्या शेजारी एक प्रोग्रामर बसतो. कॉम्प्युटरच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणाऱ्या गाभ्यात, दोन कामांनी एकदम एकाच माहितीला हात घालू नये म्हणून कुलपं असतात. लावणारा उघडायला विसरला की सगळंच ठप्प. हा त्या कुलपांना रॅपर, म्हणजे वरून गुंडाळायचा कोड, लिहितो. काम संपलं की कुलूप आपोआप उघडतं. "माणसाच्या आठवणीवर कायबी सोडायचं न्हाय," हे दिवसातून दहादा.

ऑफिसच्या संडासाचं दार लोटलं की बंद होतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. लोक किल्ली खिशात घालून नेत, म्हणून त्यानं ती खिशात मावणार नाही अशा एका पोळपाटाला बांधली. "आता इसरून दावा की!"

शनिवारी तो स्वतःच पोळपाट काखेत मारून आपल्या गावच्या, मंद्रूपच्या एसटीत बसला. अर्ध्या वाटेतून परतला, तेव्हा आम्ही तिघं दाराशी पाय आवळून उभे. त्यानं दार उघडून एकाला आत सोडलं आणि थेट कीबोर्ड गाठला. 'कुलूप धरून गडीच गावाला गेला तर?' अशी नवी चाचणी रॅपरवर चालवली. रॅपर नापास!

"घावली! लई मोठी चूक घावली!" असं ओरडत तो खुशीत चहाला निघून गेला. पोळपाट काखेतच होता, आणि रांगेत आता माझा नंबर होता.