छातीवर पट्टी नव्हती

माझी धाकटी बहीण वाईला दिली होती. तिचं पोर रांगायला लागलं आणि तिला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागू लागली. पुढे पुढे तर आडवं झालं की जीव गुदमरायचा. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची आणि पोर बाजूला रडत पडायचं. आम्ही तिला माधवनगरला माहेरी आणलं.

डॉक्टर म्हणाले, लहानपणच्या सांध्यांच्या तापानं हृदयाची एक झडप आकसली आहे, आता थांबण्यात जिवाला धोका आहे. "पण छाती उघडायची नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालायची, झडपेत फुगा फुगवायचा आणि नळी काढून घ्यायची."

"फुगा?" आई माझ्यावरच उखडली. "जत्रंत मिळतुया त्यो?"

शेजारच्या मामांची छाती उघडली होती, ती आईनं पाहिली होती. गळ्याखालून पोटापर्यंत टाके, आणि कितीतरी महिने भरली कळशी उचलायची बंदी. ऑपरेशन म्हणजे तेवढं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी तिच्यावर खेकसले खरी, पण डॉक्टरांना तेच पुन्हा दोनदा विचारून आले.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आई बहिणीचं मंगळसूत्र मुठीत धरून बसली होती. आम्हाला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि बहिणीला बाहेर आणलं. आईनं धावत जाऊन चादर जरा बाजूला केली. छातीवर ना पट्टी, ना टाका. ती मटकन खालीच बसली.

"फोडलीच न्हाई गं छाती! हात टेकलं त्यांनी!"

तिचा तो हंबरडा ऐकला आणि डॉक्टरांचं सगळं बोलणं पाठ असूनही मी क्षणभर आईवर विश्वास ठेवला.

"आये, गप की," बहीण म्हणाली. "पाय हलवायचा न्हाई म्हणल्यात, न्हाईतर उठून तुझं त्वांड दाबलं असतं."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिच्या डोक्याखाली उशी नव्हती. ती सपाट उताणी झोपली होती आणि एका दमात बोलत होती.

"आई, बघ तरी! आडवी झोपलीय ती!" मी रडतच ओरडले.

काही दिवसांनी घरी आलो. पोरानं बहिणीला पाहिलं आणि थेट तिच्या छातीवर झेप घेतली. आईनं घाबरून मधे हात घातला. मग आपला हात तिचा तिनंच काढून घेतला.